रक्तात राहिलेली ओळख

दूध संस्थेच्या ओट्यावर मनकर्णाला कुणी खुर्ची दिली ती त्या संध्याकाळी पहिल्यांदा. संस्थेचे चेअरमन आबासाहेब तिचे थोरले दीर. पण धाकटी सून म्हणून ती रोज चरवी घेऊन बायांच्या रांगेतच उभी राहायची. त्या दिवशी मात्र सेक्रेटरी आप्पारावांनी स्वतःची खुर्ची गमछ्यानं पुसून पुढं सरकवली.

"बसा वहिनी. आज तुमीच मोठ्या."

कोरोनाचं ते पहिलं वर्ष, आणि त्यात अश्विन अधिक आलेला. सासूबाई, केशरबाई, अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, हा आजार होऊन बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, चढवून बघू. कुणी देणारं असेल तर आणा. श्रावणात साथ गावावरून गेली होती. म्हणून आप्पारावांनी बरी झालेली सगळी माणसं दूध घालायच्या वेळेला थांबवून घेतली. पण एकाचा रक्तगट जुळत नव्हता, दुसऱ्याला साखर होती, तिसरा साठीच्या पुढचा. खुद्द आबासाहेब इन्सुलिनवर. धाकटा भाऊ गहिनीनाथ, म्हणजे मनकर्णाचा नवरा, त्याला आजार झालाच नव्हता.

"मग मला न्या की," भामाबाई रांगेतून म्हणाली.

"लेकरं झालेली बाई चालत न्हाई म्हणतेत डॉक्टर," आप्पाराव म्हणाले.

"लेकरं झाली खरी. पण माझी पिशवी काढलीय की कवाच. पिशवीच न्हाई तर सवाल कुठं ऱ्हायला?"

"पिशवी गेली भामाबाई, रक्त तेच हाय ना?"

"कावून, लेकरं काढली तर रक्त इटाळलं का आमचं? आन् गड्यांचं लई सोवळं!"

बाया तोंडावरच्या पदराआड हसल्या. तेवढ्यात आबासाहेब खोकून म्हणाले, "आपल्या घरातच हाय की. धाकटी. तिला कोरोना होऊन गेला. मूल न्हाई, बाळ न्हाई. गट बी आईशी जुळतो, लातूरच्या डॉक्टरनं काढला होता तवा."

सगळे मनकर्णाकडे बघायला लागले. थोरली जाऊ तुळजाबाई हात जोडून म्हणाली, "देवानं हिला कावून रिकामी ठिवली ते आज कळलं गं बाई. आत्याबाईसाठीच राखून ठिवली होती."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या रिकामेपणाला कुणी हात जोडावेत असं आजवर घडलं नव्हतं. शेजारच्या बारशाला तिला पाळण्यापासून लांब बसवायचे. अधिक महिन्यातला तिचा रोजचा दिवा बघून सासूबाई म्हणायच्या, "तेल जळतंय, पाळणा काई हालत न्हाई." आणि आता आप्पाराव चहा मागवत होते तिच्यासाठी. मनकर्णानं कप हातात घेतला. मान वर केली नाही. सगळ्यांना ते नम्रपण वाटलं.

खरी गोष्ट ही होती की ती रिकामी नव्हती. एकदा तिलाही दिवस गेले होते, आणि हे आता जगात फक्त तिलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध संस्थेच्या टेम्पोतून ते निघाले. सिदू टेम्पो चालवत होता, दाराशी गहिनीनाथ, मधे मनकर्णा. दुधाच्या गाडीला कुठं अडवत नव्हते. अधिक महिन्यात ती एकच वेळ, दिवा लावल्यावर जेवायची. पण रक्त द्यायला पोटात अन्न पाहिजे म्हणून तिनं पहाटे देवाला सांगून आजचं जेवण सकाळीच उरकलं होतं. देव समजून घेतो. त्याचं तिला भ्या नव्हतं.

"घाबरू नको," घाट लागला तसा गहिनीनाथ म्हणाला. "दादा म्हणलेत, आई घरी आली की तुला तुळजापूरला न्यायचं. तुझ्या नावानं खण चढवायचा."

"कशाला ते."

"कशाला म्हंजे? तुझ्याबिगर हाय का कुणी आज?"

तो बऱ्याच दिवसांनी तिच्याशी असं बोलत होता. तिनं मास्क नाकावर आणखी वर ओढला. दोन्ही बाजूंनी माणसं, पुढं काच, मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. उतरते म्हणायला जागा नव्हती. उतरून जाणार तरी कुठं?

दोन हजार तीनचा तो दुष्काळ. सासरची विहीर आटली, टँकरवर माणसं निभेनात, म्हणून नव्या सुनेला माहेरी धाडलेलं. माहेर चौसाळ्याच्या पलीकडं. तिथं तरी कुठं पाणी होतं? आई, पारूबाई, पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायची. आईचा गुडघा सुजलेला बघून मनकर्णाही पाटी घेऊन जायला लागली. सासरी हे कळायचं नव्हतं. त्यांची सून मातीकामाला गेली म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, निघतानाच केशरबाईंनी बजावलं होतं, "उपाशी ऱ्हा, पण कामावर दिसू नको." पाळी चुकत होती तर तिला वाटलं, उन्हानं आणि अर्धपोटी राहिल्यानं असेल. चौथ्या महिन्यात भराव चढताना कंबरेत कळ आली, आणि तिथंच बांधाच्या आडोशाला सगळं संपलं. आईनं पदरात गुंडाळून ते बांधाखाली पुरलं.

"तुझ्या सासरी कळलं तर दारात उभं करणार न्हाईत," आई म्हणाली. "देव पुन्यांदा दील. गप ऱ्हा." तिनं मनकर्णाला तुळशीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली.

देवानं पुन्हा दिलं नाही. पुढं लातूरच्या डॉक्टरनं विचारलं होतं, आधी कधी दिवस गेले होते का? तेव्हा केशरबाई शेजारी बसलेल्या. मनकर्णानं मान हलवली होती, नाही म्हणून. डॉक्टरनं त्या 'नाही'वर औषधं लिहिली. आई वारल्यावर तर सांगायचं कुणाला हेच उरलं नाही. इतक्या वर्षांनी सांगितलं तर म्हणतील, खोटं बोलते. आणि खरं मानलं तर म्हणतील, आमचा नातू मातीत घातला. ती रोज दिवा लावायची तेव्हा एक वात त्याच्या नावाची असायची. नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून नुसतीच वात.

अंबाजोगाईत शिरताना तिनं योगेश्वरीच्या दिशेनं हात जोडले. देवळं बंदच होती.

रक्तपेढीत गायसमुद्रे मॅडम म्हणून एक तरुण बाई होत्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात. नुसते डोळे दिसत. त्यांनी बोटातलं रक्त बघितलं, दंडातलं घेतलं, थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं येऊन म्हणाल्या, "ताई, हिमोग्लोबिन छान आहे. आणि अँटीबॉडी तर भरपूर. कमाल आहे तुमची."

गहिनीनाथचे डोळे मास्कच्या वरून हसले.

"एकच विचारायचं राहिलं. कधी दिवस गेले होते? पूर्ण दिवसांचं, अपुरं, पडलेलं, कसंही?"

"न्हाई मॅडम," गहिनीनाथच बोलला. "मूलबाळ काईच न्हाई. म्हणून तर आणलंय."

"मी ताईंना विचारलं."

मनकर्णा खाली बघत होती. फरशीवर चुन्याचा एक गोल होता, माणसानं त्यातच उभं राहायचं असा. ती त्या गोलात उभी होती. तिची मान आपसूक हलली, लातूरला हलली होती तशीच.

मॅडमनी गहिनीनाथला बाहेर बसवलं आणि तिला आतल्या खुर्चीवर घेतलं. ती खुर्ची पाठीमागं कलायची. शेजारी कपाटाएवढं यंत्र. मॅडमनी दंडाला पट्टा आवळला.

"रक्त या नळीतून जातं, यंत्र त्यातलं पिवळं पाणी काढून घेतं, लाल भाग परत तुमच्या अंगात येतो. हात हलवू नका."

"मॅडम, त्या पाण्यात असतं तरी काय?"

मॅडमना बोलायला आवडत असावं. शीर चाचपत त्या सांगू लागल्या. "हा विषाणू आहे ना, त्याच्या अंगभर काटे असतात. रानातून येताना लुगड्याला कुसळ कसं चिकटतं? तसा तो काट्यानं फुप्फुसाला चिकटतो. चिकटला की आत शिरतो. आत शिरला की एकाचे हजार होतात. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तुमच्या रक्तानं तो काटा ओळखून घेतला, आणि त्याच्या टोकावर बरोबर बसेल असं काहीतरी तयार केलं. त्याला अँटीबॉडी म्हणतात. समजा, कुसळाच्या टोकाटोकावर कणकेचा गोळा बसला. मग ते लुगड्याला चिकटेल का?"

"न्हाई चिकटणार."

"झालं तर. नुसतं गरगर फिरत राहतं, मग शरीर त्याला उचलून टाकून देतं. तुमच्याकडची ती कणीक आजींना द्यायची. हमखास गुण येईल असं मी म्हणत नाही हां. डॉक्टरही म्हणत नाहीत. पण बघायचं."

"आन् लेकरं झालेल्या बायांचं कावून चालत न्हाई?"

"त्यांच्या रक्तानं आणखी एक ओळख धरलेली असू शकते." मॅडम कापसानं शीर पुसत होत्या. "पोटातलं लेकरू अर्धं बापाचं असतं ना. ते अर्धं आईच्या रक्ताला परकं. त्यामुळे रक्त त्याचीही ओळख धरतं. लेकरू पडलं, गेलं, तरी ती ओळख वर्षानुवर्षं राहू शकते. आईला त्याचा त्रास नाही. पण ते पाणी दुसऱ्याच्या अंगात गेलं, आणि त्या माणसाच्या पेशी तशाच निघाल्या, तर त्याच्याच फुप्फुसात पाणी भरतं. आजींची फुप्फुसं आधीच दमलेली. म्हणून नकोच."

मनकर्णानं दंडावरचा पट्टा दुसऱ्या हातानं धरला.

बांधाखाली दगड नव्हता ठेवला. नाव नाही, तेरावा नाही. पुढच्याच पावसाळ्यात तलाव भरला आणि ती जागाही पाण्याखाली गेली. तिला वाटत आलं होतं की त्या जिवाची जगात कुठंच खूण नाही, तिच्या वातीशिवाय. आणि ही पोरगी म्हणत होती, रक्तात असते.

"मॅडम." तिचा आवाज इतका बारीक आला की मॅडमना वाकावं लागलं. "सुई थांबवा. मला गेलते दिवस. चवथ्यात पडलं. ह्यांना ठाऊक न्हाई."

मॅडमनी सुई खाली ठेवली. पट्टा सोडला.

"तुमच्या रक्तात ते असेलच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण आम्हाला घेता येत नाही."

"आत्याबाईचं काय मग?"

"एका मास्तरांनी दिलेली पिशवी आहे, आजींच्याच गटाची. ती लावायला सांगते मी. तुमच्या गावातून बदल्यात कुणी नंतर पाठवा." मग त्या आणखी जवळ आल्या. "बाहेर काय सांगू? हिमोग्लोबिन कमी आहे म्हणू? रोजच सांगावं लागतं कुणाकुणाला. तुमच्यावर काही येणार नाही."

मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी दार किलकिलं केल्यासारखं वाटलं तिला. तिनं मान हलवली.

मॅडम बाहेर गेल्या. दार पुरतं लागलं नव्हतं. गहिनीनाथ फोनवर आबासाहेबांना सांगत होता आणि आबासाहेबांचा आवाज फोनमधून मोठ्यानं ऐकू येत होता.

"रक्त कमी? असणारच! रोज एकच येळ जेवायचं, सोमवार, चतुर्थी, एकादशी, हा म्हयना, तो म्हयना! देवाच्या नादानं रक्त आटवलं आन् ऐन येळेला हात वर केले. आईला काई झालं तर हिच्या उपासानं झालं म्हणीन मी, चार माणसांत म्हणीन! आजपासून तो दिवा बंद कर म्हणावं. तेलाची बाटली उकिरड्यावर टाका!"

"दादा, दुसरी पिशवी देतेत म्हणल्या—"

"देतेत ते उपकार लोकांचे! आपल्या घरातलं काय?"

फोन बंद झाला. मनकर्णा कललेल्या खुर्चीत बसून होती. मॅडमनी किलकिलं केलेलं ते दार भिंतीवर काढलेलं चित्र निघालं. आजवर तिनं स्वतःवरचं सगळं सोसलं होतं. पण दिव्यावर आळ? ज्यानं तिला धरून ठेवलं, त्याच्याच माथी हे मारायचं आणि तिनं गप राहायचं? तुळशीवर हात ठेवून ती गप राहिली होती. आता गप राहिली तर त्या तुळशीपुढचाच दिवा विझणार होता.

ती उठून बाहेर आली.

"अहो, माझं रक्त कमी न्हाई. मॅडम माझ्यासाठी तसं बोलल्या."

आणि तिनं सांगितलं. उभ्यानंच, मास्कमधून, न रडता. तलाव, पाटी, आईचा पदर. गहिनीनाथ ऐकत होता. त्यानं आधी दाराकडं बघितलं, मग जिन्याकडं, कुणी ऐकत नाही ना. मग तो बाकड्यावर बसला.

"मी तवा कारखान्यावर होतो," तो म्हणाला. "फोन करायचा होता."

"कुठं होता फोन."

त्यानं दोन्ही हातांनी गुडघे धरले. फरशीकडं बघत म्हणाला, "माझ्यात खोट हाय म्हणून तुला न्हाई होत, असं वाटायचं मला. तपासायला गेलो न्हाई. भ्यालो." मग एकदम सावध झाला. "हे घरी बोलायचं न्हाई. पिशवी लागतीय ना आईला? झालं तर मग. दादाला मी सांगतो, परत तपासलं, तुझंच घेतलं म्हणून. दिवा बी ऱ्हाईल तुझा. समजलं का?"

तिला समजलं. सत्य सांगून ती ज्या दारातून बाहेर पडू बघत होती ते त्यानं बाहेरून लावून घेतलं होतं. टेम्पोत ती पुन्हा मधेच बसली.

केशरबाई बऱ्या होऊन घरी आल्या. औषधांनी आल्या, त्या मास्तरांच्या पिशवीनं आल्या की देवाच्या मनात होतं म्हणून, कुणी सांगू शकलं नसतं. गावानं मात्र ठरवून टाकलं होतं. दूध घालायला गेलं की बाया रांगेत तिला पुढं करायच्या. कुणाकडं बारसं होतं तिथं तिला मुद्दाम पाळण्याजवळ नेऊन बसवलं. "हिच्या रक्तानं म्हातारी उठली," असं लोक पाहुण्यांना सांगत. पूर्वी ती मान खाली घालून बसायची, आताही तशीच बसायची. फरक एवढाच होता की पूर्वीचा वांझ हा शब्द दुसऱ्यांनी लादलेला होता, आणि हा खोटा मान ती स्वतः गप राहून रोज नव्यानं अंगावर घेत होती. दिव्यापुढं हात जोडले की शब्द फुटेनासे झाले.

केशरबाईंना भिंत धरून चालता येऊ लागलं, तसं एका सकाळी त्यांनी मनकर्णाला देवघरापुढं पाटावर बसवलं. ताटात तांदूळ, खण, नारळ.

"पदर धर," त्या धापा टाकत म्हणाल्या. "वांझ म्हणलं तुला मी. किती येळा म्हणलं. आन् त्याच अंगातलं पाणी मला पाजलंस. माझ्या रक्तात आता तू हायस."

गहिनीनाथ दारात उभा होता. तो हलका खाकरला. मनकर्णानं पदर पुढं केला, आणि मागं घेतला.

"आत्याबाई, माझं न्हाई चाललं तिथं. दुसऱ्याचं हाय तुमच्या अंगात."

"अगं ए," गहिनीनाथ पुढं आला.

"तू थांब रे." केशरबाईंच्या मुठीत तांदूळ तसाच होता. "कावून न्हाई चाललं?"

तिनं सांगितलं. सांगताना सगळा वेळ ती त्या मुठीकडं बघत होती. म्हातारी खाली बसली, भिंतीला टेकली. लागलेली धाप ओसरायला वेळ लागला.

"मातीकामाला गेलतीस," केशरबाई म्हणाल्या.

"हां."

"मी बजावलं होतं."

"हां, आत्याबाई."

"तवा सांगितलं असतंस तर मी तुला दारातूनच हाकललं असतं."

"ठावं होतं मला."

"मग बरं केलंस न्हाई सांगितलं ते." त्या थांबल्या. "वाईट बी केलंस. माझं नातवंड होतं ते. मला एकदा तरी रडू द्यायचं होतंस."

मनकर्णाला वाटलं होतं, ओरडतील, ताट फेकतील. त्यासाठी तिनं खांदे आवळून धरले होते. ते तसेच राहिले. सोडायचे कसे ते तिला कळेना.

"आई, बाहेर कुणाला बोलू नको आता," गहिनीनाथ म्हणाला. "दादाची इलेक्शन हाय संस्थेची. लोकांना आपण काय काय सांगून बसलोय—"

"तूच सांगत हिंडलास. तूच फेड." मग त्या मनकर्णाकडं वळल्या, पण डोळ्यांत बघितलं नाही. "कुठं ठिवलं त्याला?"

"तलावाच्या बांधाखाली. पाणी असतं तिथं आता."

केशरबाईंनी मूठ उघडून बघितली. तांदूळ घामानं ओला झाला होता. तो त्यांनी ताटात टाकला, हात लुगड्याला पुसला आणि दुसरा, कोरडा तांदूळ मुठीत घेतला.

"पदर धर," त्या म्हणाल्या. "नीट धर. हात कापतोय माझा, सांडंल."